चितकबऱ्या पानांची बोगनवेल: घ्यावी, पण रोप निवडून

कॅटलॉगातलं चितकबरं डॉगवूड हे शोभेचं झाड बेळगावात लावायचा नाद सोडा, त्याला थंडी कडक लागते. त्याची 'फुलं' म्हणजे खरं तर रंगीत सहपत्रं, म्हणजे फुलाभोवतीची पानं. बोगनवेलीचीही तीच गत. म्हणून पांढऱ्या कडांची बोगनवेल हा इथला चांगला पर्याय.

नर्सरीत फुलं बघून भुलू नका, बुंधा बघा. बुडातून निव्वळ हिरवा फुटवा आला असेल तर ते रोप घेऊ नका. हिरव्या फांदीत हरितद्रव्य जास्त, ती झपाट्याने वाढते आणि वर्षभरात चितकबरी दाबून टाकते. घरीही असा फुटवा दिसला की जिथून फुटला तिथूनच काढायचा. नुसता शेंडा खुडला तर खालून दोन येतात.

पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. हिची मुळं नाजूक, मातीचा गोळा फुटला की रोप महिनाभर रुसतं. 12 इंची कुंडी, दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. खानापूरकडची जांभ्याची माती उत्तम. निपाणीकडच्या काळ्या मातीत वाळू वाढवा. युरिया नको, नुसता पाला माजतो.

ऊन सहा तास हवंच, पण एप्रिल-मेमध्ये दुपारचं नको: पांढऱ्या कडा तपकिरी, कुरकुरीत होतात. पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवा, नाहीतर मुळं कुजतात. दिवाळीनंतर पाणी तोडा, पानं जरा मलूल झाली की मगच द्या. बहर त्यानेच येतो.

वाढ मात्र साध्या बोगनवेलीपेक्षा हळू. कुंपणासाठी घेऊ नका.