जुनी गाडी: साधं रिन्युअल करायचं का व्हिंटेज नोंदणी?

जावा, राजदूत, जुनी बुलेट असली तर आरसीचं साधं रिन्युअल करा. बाहेरच्या देशातून आणलेली कार असली तर व्हिंटेज नोंदणीच बघा, म्हणजे ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीची खास नोंदणी. आणि फियाट, अॅम्बेसडर असली तर पहिली दहा वर्षं फी दोन्हीकडं सारखीच बसते, त्यामुळं तुम्ही गाडी किती फिरवणार त्यावर ठरवा. घाईत असाल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल, पण हे कशावरून म्हणतोय ते सांगतो, कारण मी आमच्या वडिलांच्या १९६९ च्या जावासाठी हे सगळं पालथं घातलंय आणि त्यात एक-दोन ठिकाणी माणूस हमखास फसतो.

आधी एक भीती काढून टाका. व्हॉट्सअॅपवर फिरतंय की पंधरा वर्षांनी गाडी सरळ भंगारात. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हे प्रकरण दिल्ली आणि आसपासचं आहे, आपल्या कोल्हापुरात खाजगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, कितीही वेळा. केवळ या भीतीपोटी लोकांनी चांगल्या चालत्या गाड्या किलोवर घातल्यात हो, लई वाईट वाटतं.

आता दोन रस्ते काय आहेत ते बघा. साधं रिन्युअल तर सगळ्यांना माहितीच आहे, फॉर्म २५, इन्शुरन्स, पीयूसी, गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, फी भरायची. दुसरा रस्ता केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत घातला, व्हिंटेज नोंदणीचा. पहिली नोंद होऊन ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, म्हणजे चेसिस, बॉडी आणि इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. फॉर्म २० भरायचा, सोबत इन्शुरन्स, जुनी आरसी, इम्पोर्टेड असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, आणि ६० दिवसांत सर्टिफिकेट द्यायचं असा नियम आहे. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, हे मला फार आवडलं, कारण तीन अक्षरांचा तो जुना नंबर म्हणजे आमच्या घरात माणसाच्या नावासारखा आहे. नव्यानं नोंद होणाऱ्या गाडीला मात्र एमएच नंतर व्हीए अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो.

आता पैसे. लोकांना वाटतं व्हिंटेज म्हणजे सवलत, म्हणजे स्वस्त. तसं सरसकट नाही. व्हिंटेजला पहिल्यांदा २०,००० रुपये आणि ते दहा वर्षं चालतं, पुढच्या वेळी ५,०००. साध्या रिन्युअलची फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली, वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दुचाकीला २,०००, कारला १०,०००, इम्पोर्टेड दुचाकीला २०,००० आणि इम्पोर्टेड कारला ८०,०००, आणि हे सगळं पाच वर्षांसाठी. म्हणजे दहा वर्षांचं धरलं तर माझ्या जावाला साध्या रस्त्यानं ४,००० आणि व्हिंटेजनं २०,०००, यात विचार करण्यासारखं काही उरतच नाही. फियाटला दोन्हीकडं २०,०००. पुढच्या खेपेपासून व्हिंटेज स्वस्त पडायला लागतं. आणि इम्पोर्टेड कार असेल तर एक लाख साठ हजार विरुद्ध वीस हजार! खरी सवलत आहे ती इथं आहे. म्हणून ज्यांच्याकडं आजोबांच्या काळातली विलायती गाडी आहे त्यांनी आधी आरसी काढून बघा की ती इम्पोर्टेड म्हणून नोंदलेली आहे का, सगळा हिशोब त्या एका शब्दावर फिरतो. साध्या रस्त्याला पर्यावरण कर वरून लागतो तो वेगळा धरा.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वापराची आहे आणि लोक नेमकी तीच शेवटी वाचतात. व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, अख्खं गाव डोळे भरून बघतं, त्या दर्जाची गाडी असेल तर वर्षातनं चार वेळा बाहेर काढणं पुरतं. माझ्या जावाचं तसं नाही. वडील तिच्यावर बसून मार्केट यार्डला जायचे, मी रविवारी सकाळी पन्हाळ्याला जातो, संध्याकाळी बायकोला मागं बसवून रंकाळ्याला एक चक्कर. किक मारायची तोच लिव्हर पुढं ढकलून गिअर टाकायचा, पायाला ते वळण लागलंय, आणि आठवडाभर तशीच उभी ठेवली की पहिल्या पाच-सहा किकला दाद देत नाही. असली गाडी दहा वर्षं रॅलीपुरती बांधून ठेवायची हे मला पटत नाही, नियमात बसणार असली तरी. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायचा विचार असेल तर तोही व्हिंटेजमध्ये विसरा, आणि साध्या पांढऱ्या पाटीवर भाडं घेणं तसंही चालत नाही.

मग मूळ रूपाची अट. आपल्याकडं उद्यमनगर आहे, तिथं लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं, जावाचा पिस्टन मिळेना तर दुसऱ्याचा बसवून बोअर करून देतात, बुशिंग, पिन, सायलेन्सरचा तुकडा सगळं. यात काही वावगं नाही, झिजलेला भाग बदलणं वेगळं आणि इंजिनच दुसरं टाकणं वेगळं. पण जीपवाल्यांनी इथं जपून राहा. कोल्हापूर, गडहिंग्लज, राधानगरी भागातल्या कितीतरी जुन्या जीपमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेलं आहे, शेतावर परवडायचं म्हणून आपल्याच थोरल्यांनी केलंय ते, पण अशी गाडी सत्तर वर्षांची असली तरी व्हिंटेजला बसणं अवघड. तिला साधाच रस्ता, आणि तिथंसुद्धा इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल तर आधी ती करून घ्यावी लागते.

कागदाचं सांगतो कारण सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. जुनी पुस्तकाची आरसी असेल तर गाडी कॉम्प्युटरवर असतेच असं नाही, तिची आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन फी सुद्धा भरता येत नाही. वडिलांच्या आरसीत मध्ये कधीतरी नवीन पुस्तक बनवताना चेसिस नंबरातला ३ चा ८ झाला होता. आम्हाला वीस वर्षं पत्ताच नाही. हँडलखालचा रंग रॉकेलच्या फडक्यानं पुसला, कागद धरून पेन्सिल फिरवली तेव्हा छाप उठली आणि कागदावरचा ३ बघून माझ्या पोटात गोळाच आला. दुरुस्तीला पाच महिने गेले. म्हणून ताराबाई पार्कातल्या आरटीओला चक्कर मारायच्या आधी घरीच चेसिस प्रिंट काढा आणि एकेक आकडा आरसीशी लावून बघा, उजेडात. आणि बिनकागदाची गाडी स्वस्तात मिळतेय, व्हिंटेजमध्ये नोंदवून घेऊ असं कुणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका, व्हिंटेजलाही जुनी आरसी नाहीतर बिल ऑफ एंट्री लागतेच.

आरसी संपून बरीच वर्षं झाली असतील तर हिशोब बदलतो हेही लक्षात घ्या. उशिराला महिन्याला दुचाकीला ३०० आणि कारला ५०० असा दंड आहे, म्हणजे चार वर्षं राहिलं तर दुचाकीचे १४,४०० नुसते दंडाचेच. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून आकडा आधी बघा मगच ठरवा. शिवाय साध्या रस्त्याला एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवीन सिक्युरिटी नंबर प्लेट लावावी लागते. वडिलांनी पेंटरकडनं हातानं रंगवून घेतलेली पाटी मी काढून देवघराशेजारी ठेवलीय.

मला विचाराल तर आपल्याकडं मधला एक रस्ता पाहिजे होता. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात २५ वर्षांवरच्या गाडीला क्लबमार्फत परमिट मिळतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवस, गाडी बाहेर काढायच्या आधी लॉगबुकात तारीख लिहायची आणि मग खुशाल कुठंही जा. इंग्लंडमध्ये ४० वर्षं झाली की रोड टॅक्स माफ. आपल्याकडं ४५ दिवस जरी दिले ना, तरी रविवार जवळपास सगळे भागतात आणि रॅलीचं निमित्त शोधायला लागत नाही.

माझ्या मित्राची फियाट १९७८ ची आहे. ५० वर्षं २०२८ ला होतात, तोवर व्हिंटेजचा प्रश्नच येत नाही, आणि त्याचं पुढचं रिन्युअलही २०२८ लाच येतंय. त्याला मी एवढंच सांगितलंय की तोवर इंजिनाला हात लावताना प्रत्येक बिल जपून ठेव, रंग मूळचाच दे, आणि दर महिन्याला ज्योतिबाला जाऊन ये. दोन वर्षांनी त्याला डोंगर चढायचा कंटाळा आलेला असेल तर व्हिंटेज करू, नसेल तर १०,००० भरू.