डिचोलीत बसून बसऱ्याची पत्रं : गर्ट्रूड बेल आर्काईव्हचा रिव्ह्यू

एरवी मी रिव्ह्यू लिहितो ते भाजी-पावचे नाहीतर फिश थाळीचे. पण यंदाच्या पावसात दोन महिने सगळ्यात जास्त टाईम गेला तो शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका इंग्रज बाईची पत्रं वाचण्यात, म्हणून हा त्याचाच. इंग्लंडातल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीने गर्ट्रूड बेलची खाजगी कागदपत्रं ऑनलाईन टाकलीयत, साधारण १६०० पत्रं, १६ डायऱ्या आणि ७००० च्या आसपास फोटो. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ओटीपी तर नाहीच नाही. २०१७ साली युनेस्कोने हा साठा त्यांच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत घेतला, ते मला मागाहून कळलं.

मी तिथे पोचलो आईमुळे. आईचं माहेर सावंतवाडी, आणि तिचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून इराकातल्या बसऱ्याला गेलेले. घरात याबद्दल माहिती एवढीच की तिकडे कूत म्हणून गाव होतं, तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकले, खायला घोड्याचं मटण मिळालं, आणि ते त्यांनी खाल्लं की नाही यावरून आई आणि मामाचं दर चतुर्थीला भांडण होतं. पलटण १०३ की ११० की ११७ तेसुद्धा कोणाला ठाऊक नाही, मराठ्यांच्या या तिन्ही पलटणी तिथे होत्या. त्यांनी घरी धाडलेली कार्डं पत्र्याच्या पेटीत ठेवलेली म्हणे. पेटी अजून आहे, कार्डं वाळवीने खाल्ली.

तर कूत कूत शोधत मी या बाईपर्यंत आलो. कूतचा वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, आणि ही बाई दिल्लीला व्हाईसरॉय हार्डिंगला भेटून मार्च १९१६ मध्ये बसऱ्यात उतरली. म्हणजे आमचे पणजोबा नदीच्या वरच्या अंगाला उपाशी आणि ही खालच्या अंगाला बसून घरी पत्रं लिहितेय. तारखा जुळतायत हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले, बाहेर धो धो पाऊस, आणि मग कसली झोप.

पणजोबांचं नाव सापडलं का, तर नाही. सापडणार नव्हतंच, तिची उठबस साहेब लोकांत, शिपायांची नावं ती कशाला लिहील. त्याआधीच्या प्रवासांत तिच्यासोबत असायचा तो फत्तूह, अलेप्पोचा आर्मेनियन नोकर, तो मात्र परत परत भेटतो आणि त्याच्याबद्दल ती मायेने लिहिते. मला त्याचा थोडा हेवाच वाटला.

बाई कोण ते थोडक्यात. जन्म १८६८, श्रीमंत कारखानदाराची पोरगी, ऑक्सफर्डात इतिहासात पहिली श्रेणी, फारसी-अरबी शिकून वाळवंट पालथं घातलेलं, म्हणून युद्धात इंग्रज सरकारने तिला कामाला घेतलं आणि पुढे ती बगदादला ओरिएंटल सेक्रेटरी, म्हणजे तिथल्या लोकांशी संबंध सांभाळणारी इंग्रज अधिकारी, झाली. १९२१ च्या कैरो परिषदेत चर्चिल आणि 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'वाल्या लॉरेन्ससोबत ती होती, उंटांवर बसलेला त्यांचा तो फेमस फोटो बघितला असेल. त्याच वर्षी फैसल नावाच्या अरब राजपुत्राला इराकचा राजा केला त्यात तिचा मोठा हात, आणि त्या धावपळीत ती वडलांना कळवते की राजे बनवायचं काम आता परत करणार नाही, फार ताण होतो. हे वाचून मी मोठ्याने हसलो, आपल्याकडे लग्न उरकल्यावर यजमान असंच बोलतो.

आणि हीच या साठ्याची खरी मजा आहे. आपल्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात केवढा खजिना आहे, मोन्सोंइश म्हणतात ते लिस्बन आणि गोव्यातल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ आहेत, मान्सूनच्या वाऱ्यावर जहाजं यायची म्हणून नावच ते पडलं, पण तो सगळा राजाचा आणि व्हाईसरॉयचा सरकारी कारभार. बाईच्या एकाच पत्रात सरहद्द कुठून न्यायची त्याची चर्चा, खाली उन्हाळा असह्य झालाय ही तक्रार, आणि वर घरच्यांना फर्मान की अमुक कपडे पाठवा, हॅट पाठवा. राजकारण करणाऱ्या माणसाला घामही येतो हे सरकारी फाईलीत कुठे दिसतं. मध्येच रुपयांचे हिशेब आले तर दचकू नका, इराकमध्ये १९३२ पर्यंत आपला हिंदुस्थानी रुपयाच चालायचा, आणि तेव्हा इथे गोव्यात मात्र पोर्तुगीजांची रुपिया वेगळी!

ती वारली १९२६ च्या जुलैत, बगदादमध्येच, आणि पुढच्याच वर्षी सावत्र आईने निवडक पत्रं छापली. निवडक म्हणजे काय ते कळतंच, घरचं माणूस घरचं झाकणारच. म्हणून मूळ कागद बघायला मिळण्याला किंमत. १९१३-१४ मध्ये अरबस्तानातल्या हाईलच्या प्रवासात तिने दोन डायऱ्या ठेवल्या, एक रोजच्या नोंदींची आणि दुसरी खास डाउटी-वायली नावाच्या लग्न झालेल्या ऑफिसरसाठी. तो १९१५ मध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. दुसरी डायरी वाचताना आपण कोणाच्या तरी कपाटात हात घालतोय असं वाटत राहतं, तरी मी वाचली, खोटं कशाला बोलू.

आता कुरकुर. सर्च नीट चालायला बाईच्या डोक्याने विचार करावा लागतो, गावांची नावं ती लिहायची तशीच टाका, आजच्या नकाशातलं स्पेलिंग चालेलच असं नाही. कित्येक पत्रांखाली सारांश उपलब्ध नाही असंच लिहिलंय, म्हणजे आत काय आहे ते उघडल्याशिवाय समजत नाही. स्कॅनसोबत टाईप केलेला मजकूर आहे ते बरं, कारण तिचं अक्षर मला तरी लागत नाही, पण मोबाईलवर दोन्ही बघताना डोळे जातात, तेव्हा लॅपटॉपच घ्या. आणि लाईट गेली की संपलं, तो दोष त्यांचा नाही.

अजून एक, बाई कितीही आवडली तरी ती साम्राज्याची नोकर होती हे विसरू नका. १९२० मध्ये इराकी लोक इंग्रजांविरुद्ध उठले त्या काळातली पत्रं वाचताना मला मध्ये दोनदा उठून चहा करावा लागला. ती हुशार आहे, त्या लोकांवर तिचा जीवही आहे, पण त्यांचं भलं कशात हे आपणच ठरवायचं याबद्दल तिला शंका दिसत नाही. हेच लोक आपल्या आजोबा-पणजोबांवर राज्य करत होते, त्यामुळे तो सूर ओळखायला मला वेळ लागला नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सर्चसाठी.

वाचायचं असेल तर अगदी पहिल्यापासून सुरू करू नका, शाळकरी वयातली पत्रं कंटाळा आणतात. सरळ मार्च १९१६ उघडा, बसरा. मी एप्रिलमधली तीन पत्रं म्हापशाच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात काढून आणली आणि आईला मराठीत करून वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घोड्याचं काय लिहिलंय का बघ. अजून मिळालेलं नाही, पण मे महिना वाचायचा बाकी आहे.