४९ पट्ट्यांचा मिडी कंट्रोलर : पिच व्हीलने केलेला घोटाळा

मिडी कंट्रोलर म्हणजे स्वतः आवाज न करता लॅपटॉपमधले आवाज वाजवणारा कीबोर्ड. गेल्या पावसाळ्यात माझ्या कंट्रोलरचे पिच व्हील, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारे चाक, हात काढल्यावर बरोबर मध्यावर येईनासे झाले. त्यानंतरच्या खटाटोपामुळेच हा अनुभव लिहीत आहे. खोक्यावर छापलेली वैशिष्ट्ये येथे पुन्हा देत नाही.

मी पुण्यातल्या प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत देतो. बासरी आणि सारंगीच्या आवाजांत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, हवी असते आणि ती पेटीवर निघत नाही, म्हणून तर हे यंत्र घेतले. नॉब आणि मॉड्युलेशन व्हील (आवाजात कंप आणणारे चाक) यांचे काम ० ते १२७ एवढ्या आकड्यांत भागते. पिच बेंडचा, म्हणजे पिच व्हीलने पाठवलेला, संदेश मात्र १४ बिटांचा असल्याने त्यात १६,३८४ पायऱ्या असतात आणि मध्य ८१९२ वर येतो. माझे व्हील सोडल्यावर ८६०० च्या आसपास थांबू लागले होते. बेंडची मर्यादा नेहमीप्रमाणे वर-खाली दोन अर्धस्वर ठेवली, तर हा फरक जेमतेम १० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) भरतो आणि पियानोच्या आवाजात तो सहज खपून जातो. मी मींडेसाठी ती मर्यादा १२ अर्धस्वर ठेवतो, त्यामुळे तोच फरक सहापट होऊन ६० सेंटांवर जातो, आणि मग तानपुरा लावून वाजवलेला गंधार ना धड कोमल राहतो ना धड शुद्ध.

अधिकृत सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने पियानोचा आवाज लावून दोन-चार पट्ट्या दाबल्या आणि यंत्र नॉर्मल असल्याचा निर्वाळा दिला. लॅपटॉपवर आकडे दाखवल्यानंतर दमटपणामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल आणि त्याला नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मी रक्कम पडेल, असे सांगण्यात आले. पुण्यात पावसाळा दरवर्षी येतो, हे यंत्र विकताना कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही.

शेवटी ते यंत्र पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत उघडले. व्हीलच्या दांड्याला आत एक साधा पोटेन्शिओमीटर जोडलेला आहे, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसाच. कारागिराने त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून व्हील बराच वेळ पुढे-मागे फिरवले, सैल झालेल्या स्प्रिंगचा एक पाय पकडीने किंचित वाकवला आणि लॅपटॉपवरचा आकडा ८१९२ च्या अगदी जवळ स्थिरावेपर्यंत कारागीर जागचा हलला नाही. घेतलेले पैसे सेवा केंद्राच्या नुसत्या तपासणी शुल्काहूनही कमी होते.

आठ नॉब, आठ पॅड आणि अर्पेजिएटर (दाबलेले स्वर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) देणाऱ्या कंपनीने ज्या एका भागाला मध्य अचूक सापडलाच पाहिजे त्यातच काटकसर करावी, याचा राग अजून गेलेला नाही. पॅडांवर तबल्याचे बोल वाजवण्याचा नाद कोणी करू नये. आवाज बदलल्यावर नॉब फिरवताच आकडा एकदम उडी मारण्याचा दोष सेटिंगमध्ये पिकअप (नॉब आधीच्या आकड्यापर्यंत पोहोचल्यावरच बदल लागू करणारी सोय) चालू केल्यावर जातो. पट्ट्या सुरुवातीला मला फार कडक वाटत होत्या. व्हेलॉसिटीचा कर्व्ह, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली की आवाज किती मोठा येतो याचे प्रमाण, सौम्य केल्यापासून ती तक्रार उरली नाही.

सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या ट्रान्स्पोजच्या बटणाबद्दलचे मत मात्र साफ बदलले. हात बसलेला नसेल त्याच्यासाठी ही सोय आहे असे मी समजत असे. पण तालमीत पांढरी एकमध्ये बसवलेली चाल गायिकेला काळी पाचमध्ये हवी असते, तेव्हा दोनदा उणे दाबून बोटे तीच ठेवता येतात आणि तालीम खोळंबत नाही. या एका बटणासाठी मी यंत्राचे निम्मे अपराध पोटात घालायला तयार आहे.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानातच लॅपटॉप जोडून मिडीचे आकडे पाहावेत, व्हील दोन्ही बाजूंनी सोडून ते कोठे थांबते हे तपासावे आणि मगच पैसे मोजावेत. माझ्या यंत्राच्या मागचे सील तुटल्यामुळे उरलेली वॉरंटी बाद झाली आहे. ती असतानाही तिचा उपयोग झाला नव्हता, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.