गाऊटची गोळी: रिकाम्या पोटी की जेवणानंतर?

पायाचा अंगठा लालबुंद सुजलाय, अंगावरची चादर त्याला नुसती लागली तरी जीव कळवळतो. ही रात्र ज्याने काढली, तो पुढे गोळीची एकही वेळ चुकवायला धजत नाही. म्हणूनच उपास असला किंवा जेवायला उशीर झाला की त्याला धास्ती वाटते: आता गोळी लागू पडेल ना?

गाऊट म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधे सुजणं; ते ॲसिड कमी करणारी रोजची गोळी ॲलोप्युरिनॉल जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात ते मुख्यतः पोटासाठी; रिकाम्या पोटी काहींना मळमळतं. ही गोळी स्वतः रक्तात थोडे तासच असते. शरीर तिचं ऑक्सिप्युरिनॉल बनवतं आणि खरं काम ते करतं, तेही दिवसभर. त्यामुळे सकाळचं जेवण की रात्रीचं, याने फरक पडत नाही. रोज जी वेळ हमखास लक्षात राहते, ती धरा.

याच कामाची दुसरी गोळी फेब्युक्सोस्टॅट; तिला जेवणाचं बंधन नाही. ८० मिलिग्रॅमची गोळी तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली, तर रक्तातली तिची सर्वोच्च पातळी जवळजवळ निम्म्यावर येते. आकडा ऐकून घाबरायला होतं. पण एकूण शोषण १८ टक्क्यांनीच घटतं आणि युरिक ॲसिड कमी व्हायचं ते होतंच.

वेळेच्या सोयीपुरतं बोलायचं तर फेब्युक्सोस्टॅट सरस. पण तेवढ्यासाठी औषध बदलून मागू नका. हृदयविकार असलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये त्यावर कडक इशारा घातला आहे. माझ्या मते जेवणाची वेळ पाळणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

खरी काळजी लांबलेल्या उपासाची करा. पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवू लागतात. त्यात पाणी कमी पडलं की भर पडते. गोळी वेळच्या वेळी घेऊनही अंगठा ठणकतो तो यामुळे. अशा वेळी 'औषधाचा उपयोगच नाही' म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ, आणि तिथेच मोठं नुकसान होतं. आहारातली प्रथिनं फार घटली, तर मूत्रपिंडं ऑक्सिप्युरिनॉलही सावकाश बाहेर टाकतात. म्हणून मूत्रपिंडं आधीच कमजोर असतील, तर मोठ्या उपासाआधी डॉक्टरांना विचारा.

झटक्यावरच्या औषधांचं निराळं. कोल्चिसिन उपाशीपोटी चालतं, पण ग्रेपफ्रूट किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांच्या जोडीने ते शरीरात साठून विषारी ठरू शकतं. नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामक गोळी मात्र खाल्ल्यावरच. झटका उपासाच्या दिवशी आला तर आधी उपास सोडा, चार घास खा आणि मग गोळी घ्या.