आठ महिने रीपर: बॅच, एक्सपोर्ट आणि अप्पांच्या कॅसेटी

आधीच सांगते, हा रीपर या आवाज एडिट करायच्या अख्ख्या सॉफ्टवेअरचा आढावा नाही. गाणी बनवणाऱ्यांना त्यात काय काय मिळतं त्याची मला कल्पना नाही, त्या गल्लीत मी गेलेच नाही. मी नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मराठी ऑडिओबुकांचं एडिटिंग करते. गेल्या गणपतीआधी, नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला आणि संध्याकाळचं रेकॉर्डिंग बंद पडलं, तेव्हा रिकाम्या वेळात हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तेव्हापासून ते रोज वापरात आहे. लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: पन्नास फाइलींचं काम एका झटक्यात करायचं, म्हणजे बॅच, आणि त्या नीट बाहेर काढायच्या.

याआधी मी दुसरं एक सॉफ्टवेअर वापरत होते, पैसे भरून घेतलेलं. नाव लिहीत नाही. त्यात बॅचची खिडकी दिसायला फार सुटसुटीत होती: फाइली ओढून टाका, इफेक्ट निवडा, ओके दाबा. ‘मूळ फाइलीवरच साठवा’ ही खूण आधीपासून केलेली असायची, ते माझ्या लक्षात आलं नाही. सासऱ्यांच्या कीर्तनांच्या कॅसेटींच्या बावीस फाइलींवर मी खरखर काढायचा इफेक्ट लावला, आणि खरखरीचा नमुना म्हणून निवडलेल्या तुकड्यात नेमका कीर्तनकार बुवांचा श्वास होता. बावीसच्या बावीस फाइली पाण्याखालून बोलल्यासारख्या झाल्या, आणि मूळ फाइल एकही उरली नाही. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. ती डेकवर पुन्हा वाजवायची तर ४५ मिनिटंच लागतात, तिथे बॅच नसते. म्हणजे साडेसोळा तास.

म्हणून रीपरमध्ये मी पहिल्यांदा काय पाहिलं, तर ते माझ्या मूळ फाइलीला हात लावतं का. लावत नाही. कापाकापी, आवाज कमीजास्त करणं, इफेक्ट, सगळं प्रोजेक्टमध्ये राहतं आणि रेंडर केल्यावर, म्हणजे काम बाहेर काढल्यावर, नवी फाइल तयार होते. रेंडरच्या खिडकीत एक छोटी खूण आहे: त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर गुपचूप पुढचा आकडा लावून नवी बनव. ती मी पहिल्या दिवशी केली ती आजतागायत काढलेली नाही. फोल्डरमध्ये पसारा होतो, होऊ दे.

ती खिडकी मात्र भरगच्च आहे. पहिल्यांदा उघडली तेव्हा मी तशीच बंद केली आणि चहा टाकला. सगळं एकाच पानावर, सरकारी फॉर्मसारखं. पण एकदा भरून प्रीसेट म्हणून ठेवलं की पुन्हा भरावं लागत नाही. माझे तीन आहेत: ग्राहकाला पाठवायचा, घरी जपून ठेवायचा आणि नमुना ऐकवायचा.

माझी पद्धत अशी. पुस्तकाचं सगळं रेकॉर्डिंग एकाच लांब पट्टीवर ठेवते. प्रत्येक प्रकरणाला एक रीजन, म्हणजे पट्टीवरचा इथून तिथपर्यंतचा भाग, आखते आणि त्याला नाव देते. रेंडर करताना मर्यादा म्हणून प्रोजेक्टचे रीजन निवडते, आणि फाइलच्या नावाच्या चौकटीत डॉलरचं चिन्ह देऊन पुढे ‘रीजन’ हा शब्द लिहिते. मग प्रत्येक रीजनची त्याच्या नावाची वेगळी फाइल निघते. तेवीस प्रकरणं, एक बटण. आधी मी प्रत्येक प्रकरण निवडून, एक्सपोर्टमध्ये जाऊन, नाव टाइप करून बाहेर काढायचे आणि दर पुस्तकाला एखादं नाव चुकायचंच.

नावांवरून आठवलं. सुरुवातीला मी रीजनची नावं हौसेने मराठीत दिली. काही ठिकाणी ‘भाग २’ आणि काही ठिकाणी इंग्रजी आकड्यातला दहा. दोन्ही आकडे संगणकाच्या लेखी निराळी अक्षरं, त्यामुळे यादीत सगळा घोळ. एका प्रकरणाचं नाव प्रश्नार्थक होतं, आणि विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. नवऱ्याच्या गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर तर नुसते चौकोन उमटले, आणि एकनंतर दहा, अकरा अशी प्रकरणं वाजायला लागली. आता फाइलचं नाव रोमन लिपीत आणि पुढे शून्य लावलेला दोन आकडी क्रमांक. मराठी नाव फाइलच्या आतल्या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या चिठ्ठीत. एमपी-थ्रीतल्या या आयडी-थ्री टॅगच्या दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं, चालतं, त्यामुळे फोनवर देवनागरी नीट दिसतं. पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम ३० अक्षरांची जागा होती, त्यात आपली जोडाक्षरं कुठली मावणार.

आता मोजमापाचं. अॅमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकांच्या संकेतस्थळाचे नियम आमच्या धंद्यात मोजपट्टीसारखे वापरले जातात. सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डीबी (डेसिबल). सर्वांत उंच टोक उणे ३ च्या खाली. शांततेतला खरखराट उणे ६० च्या खाली. फाइल एमपी-थ्री, १९२ केबीपीएस किंवा जास्त, स्थिर बिटरेटची (दर सेकंदाला सारखाच डेटा), ४४.१ किलोहर्ट्झ. रीपरच्या रेंडर खिडकीत नॉर्मलाइझ करताना, म्हणजे आवाज ठरावीक पातळीला आणताना, आरएमएस, एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा), टोक, यांपैकी काय धरायचं ते निवडता येतं आणि वर टोकं आवरणारा लिमिटरही लावता येतो. मी टोक उणे ३ वर न ठेवता उणे ३.५ वर ठेवते, कारण एमपी-थ्री बनवताना आवाजाच्या लाटेचा आकार थोडा बदलतो आणि टोकं किंचित वर सरकतात. अर्ध्या डीबीची ही सवलत ठेवली नाही की तेविसातलं एखादं प्रकरण परत येतंच.

जाता जाता: ‘मोनो पाठवा, फाइल लहान होईल’ असं सांगणारे ग्राहक मला दर महिन्याला भेटतात. वेव्ह फाइल मोनो केली की निम्मी होते, खरं आहे. पण १९२ चा स्थिर बिटरेट असेल तर मिनिटाला १.४४ एमबी लागणारच, मोनो असो की स्टिरिओ. मी मोनोच पाठवते, वाद घालत नाही.

खरखराटाची गंमत मला बॅचमुळेच कळली. निवेदिका एखादं प्रकरण हळू आवाजात वाचते, त्याचा आरएमएस उणे २९ येतो. मशीन तो ९ डीबीने उचलून उणे २० वर आणतं. त्याबरोबर मागचा खरखराटही ९ डीबीने वर येतो: उणे ६६ चा उणे ५७ होतो आणि प्रकरण नापास. एका पुस्तकात मात्र दोन प्रकरणं तेवढीच हळू वाचलेली असूनही पास झाली. तारीख पाहिली तर गुरुवार. दुरुस्तीसाठी लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद आणि स्वयंपाकघरातला फ्रिजही गप्प. तेव्हापासून लाइट जाणार असं कळलं की मी निवेदिकेला मुद्दाम बोलावते.

ही सगळी मोजणी फाइल न बनवता करता येते, हा रीपरमधला माझा सर्वांत लाडका भाग. ‘ड्राय रन’ असं बटण आहे. ते दाबलं की रेंडर झाल्यासारखं सगळं चालतं, डिस्कवर काही उतरत नाही, फक्त आकडे समोर येतात. कुठलं प्रकरण नापास होणार ते आधीच दिसतं. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढं एक असतं तर माझे साडेसोळा तास वाचले असते.

आता कॅसेटींकडे येते. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेठांमधल्या देवळांतली नारदीय कीर्तनं टेपवर उतरवून ठेवली आहेत. सत्तरच्या आसपास कॅसेटी. मी प्रत्येक कीर्तनाचे तीन रीजन केले: पूर्वरंग, मधला नामघोष, उत्तररंग. ऑडिओबुकाचाच प्रीसेट लावला, बॅच चालवली आणि पेन ड्राइव्ह अप्पांना दिला. संध्याकाळी ते म्हणाले, “सूनबाई, बुवा सुरुवातीलाच एवढे ओरडतात कशाला? दम राहील का आख्यानाला?”

मला आधी कळेचना. मग पुन्हा ऐकलं. पूर्वरंगात बुवा शांतपणे अभंग सोडवत बसतात, उत्तररंगात आख्यान लागलं की आवाज चढत जातो. मी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे एकाच पातळीला आणला होता, त्यामुळे ती चढणच सपाट झाली होती. मशीनने सांगितलेलं चोख केलं होतं. ‘सगळं सारखं कर’ असं मी म्हटलं, पण काय सारखं ते ठरवलंच नव्हतं. प्रकरणं एकमेकांसारखी ऐकू यायला हवीत. कीर्तनाचे तुकडे मात्र एकमेकांच्या मानाने जसे होते तसेच राहायला हवेत.

यावर रीपरमध्ये उत्तर होतं, फक्त मी तिथवर पोचले नव्हते. नॉर्मलाइझच्या खिडकीत सगळ्या फाइली मिळून एकच लांब फाइल आहे असं समजून सर्वांना एकाच मापाने वर न्यायचा पर्याय आहे. तो लावला, प्रत्येक कीर्तन वेगळं रेंडर केलं आणि चढण परत आली. माझ्या मते बॅचचं कुठलंही सॉफ्टवेअर जोखायचं तर हे एवढंच विचारावं: प्रत्येक फाइल स्वतंत्र धरायची की सगळ्या मिळून एक, हे ते मला ठरवू देतं का. किती सेकंदात काम झालं याची मला आता काडीची पर्वा नाही.

भाच्याचं म्हणणं असं की एवढ्यासाठी असलं सॉफ्टवेअर कशाला, आज्ञा टाइप करून चालवायच्या एफएफएमपेगची एक ओळ पुरते. त्याने ती ओळ चालवून दाखवलीही. वेव्ह फाइली चौपटीहून मोठ्या झाल्या, कारण त्यातला आवाजाची पातळी सारखी करणारा लाउडनॉर्म फिल्टर आतून १,९२,००० हर्ट्झवर काम करतो आणि बाहेर किती हवं ते स्वारी सांगायला विसरली होती. ओळ दुरुस्त केल्यावर काम छान झालं, खोटं का बोला. पण मला लाट डोळ्यांनी दिसायला हवी. ज्यांना फक्त वीस फाइलींचं रूपांतर करायचंय त्यांनी ऑडॅसिटीच घ्यावं. फुकट आहे, मॅक्रोमध्ये पायऱ्या रचून त्या थेट फाइलींवर लावता येतात. मीही दोन वर्षं त्यावरच काढली.

किमतीचं सांगायचं तर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक किंवा छोट्या धंद्यासाठी ६० डॉलर. आमच्या पिढीने संगणकावर ज्या विनॅम्पवर गाणी ऐकली तो बनवणारा जस्टिन फ्रँकेलच यामागे आहे, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

माझी स्वतःची एक चूक अजून सुटत नाही: रीजनची कड शेवटच्या अक्षराला अगदी चिकटवून आखणे. एकदा एकतीस फाइलींत वाक्याचा शेवट तोडला, ‘म्हणाला’मधला ‘ला’ गेला. नियमाप्रमाणे शेवटी १ ते ५ सेकंद खोलीची शांतता हवी. मी दोन सेकंद ठेवते, आणि तरी रेंडरनंतर प्रत्येक फाइलचे शेवटचे पाच सेकंद कानाने ऐकते.

अप्पांच्या पंचवीसेक कॅसेटी अजून बाकी आहेत. परवा एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला कीर्तनच नव्हतं. रेकॉर्डर चुकून चालू राहिलेला. वाड्याचं दार, कुणीतरी भांडी घासतंय, आणि दारातून दुधाचा हिशेब सांगणारा आवाज, अकरा मिनिटं. अप्पा म्हणाले, हेही ठेव. नॉर्मलाइझ न करता रेंडर केलं. नाव बराच वेळ सुचेना, शेवटी ‘दूधवाला ०१’ दिलं.