बिलांची वही : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमची कंपनी बंद झाली त्याच आठवड्यात मी एक साधी दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर घरात येणारं प्रत्येक बिल लिहून काढलं. त्याला आता अकरा महिने झाले. घरात मी, आई आणि शाळेत जाणारी मुलगी. मिळवती मी एकटीच. एवढे दिवस घर चाललं ते बेकारी भत्त्यावर, आणि तो भत्ताही सातव्या महिन्यात कमी झाला. या वहीचा उपयोग कुठे झाला आणि कुठे ती कमी पडली, हे सविस्तर लिहिते. भत्ता घटल्याचं पत्र ज्यांच्या हातात आत्ताच पडलंय, त्यांना यातलं काही कामी यावं अशी मनापासून इच्छा आहे.

रकमा न सांगता हिस्से सांगते, म्हणजे कुणालाही आपला हिशोब लावून बघता येईल. पूर्वीचा पगार १०० धरा. पहिले सहा महिने भत्ता ६० येत होता, सातव्यापासून ४५. त्यातलं घरभाडंच २०.

ते पत्र आलं तेव्हा मला वाटलं, अर्जात माझ्याच हातून काहीतरी राहून गेलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नंतर जुनी कागदपत्रं काढली, तर पहिल्याच मंजुरीपत्रात कपातीची तारीख लिहिलेली होती. मी ते पत्र रक्कम बघून घडी घालून ठेवलं होतं. भत्ता असा टप्प्याटप्प्याने उतरणं अनेक देशांच्या नियमांतच असतं. स्पेनमध्ये पहिले १८० दिवस आधारभूत वेतनाच्या ७० टक्के आणि त्यानंतर ६० टक्के असा हिशोब आहे. हा दुसरा टप्पा २०१२ साली ५० टक्क्यांवर आणला होता, तो २०२३ मध्ये पुन्हा ६० केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात किमान पातळी ४५ टक्के आहे, १९८८ च्या १६८ क्रमांकाच्या करारात ती ५० आहे. म्हणजे मी नेमकी त्या जुन्या किमान रेषेवर उभी होते. हे वाचून पैसे वाढले नाहीत, पण आपण कुणाच्या दारात हात पसरलेला नाही, एवढं मनाशी पक्कं झालं. इतकी वर्षं पगारातून वर्गणी कापली जात होती, तिचाच हा मोबदला. पुढे बिलवाल्यांशी फोनवर बोलताना आवाज कापला नाही, त्याचं कारण हेच.

तेव्हा मंजुरीपत्र पहिल्याच दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि कपातीची तारीख वहीत लाल शाईने लिहा. मी सहा महिने ६० मध्ये घर बसवलं आणि एका महिन्यात ते ४५ मध्ये कोंबायची वेळ आली. तारीख आधी कळली असती तर दर महिन्याला थोडं थोडं उतरवत नेलं असतं.

वहीत पाच रकाने आखले आहेत : बिल कशाचं, रक्कम, शेवटची तारीख, न भरल्यास काय होईल, आणि कुणाशी बोलणं झालं. पहिले तीन कुणीही आखेल. घर तगलं ते चौथ्या रकान्यामुळे.

आधी मी तारखेच्या क्रमाने बिलं भरायची, आणि खरं सांगायचं तर जो जास्त तगादा लावेल त्याला आधी. एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दिवसातून चार-चार वेळा फोन करत होता. मी घाबरून त्याचा हप्ता आधी भरला आणि विजेचं बिल राहिलं. वीज कंपनीचा एकही फोन आला नाही. पुढच्या बिलात विलंब आकार लागला आणि सोबत वीजपुरवठा तोडण्याची नोटीस आली. त्या संध्याकाळी चौथा रकाना आखला. भाडं थकलं तर डोक्यावरचं छप्पर जातं. वीज थकली तर जोडणी तुटते आणि पुन्हा जोडायला वेगळे पैसे पडतात. औषध चुकलं तर काय होतं हे लिहायची गरज नाही. विनातारण कर्जाचा हप्ता थकला तर दंड आणि व्याज लागतं, पुढे कर्ज मिळणं अवघड होतं, पण त्या रात्री घरात अंधार होत नाही. हे सगळं ओळीने लिहिल्यावर कुणाला आधी द्यायचं याचा क्रम आपोआप लागला. तो फोनवाला माणूस सहाव्या नंबरवर गेला.

याचा अर्थ कर्ज बुडवा असा मुळीच नाही. क्रेडिट कार्डाचं तर मी आधी मिटवायला हवं होतं. दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला बारीक वाटतं, चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं. त्यातून फक्त 'किमान देय रक्कम' भरत राहिलं की बहुतेक पैसे व्याजातच जातात आणि मुद्दल जागचं हलत नाही. कार्ड मी दुसऱ्या महिन्यात कपाटात टाकलं. ते पहिल्याच दिवशी टाकायला हवं होतं.

पाचव्या रकान्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण लोक इथेच संकोचतात. फोन करायचा तो शेवटची तारीख उलटायच्या आत. थकल्यानंतर केलात तर समोरचा वसुलीच्या भाषेत बोलतो, आधी केलात तर तो पर्याय सांगतो. मी कागदावर लिहून घेतलेलं तसंच्या तसं वाचून दाखवायची : "माझा आजवरचा एकही हप्ता चुकलेला नाही. नोकरी गेली आहे, भत्ता कमी झाला आहे. पुढच्या महिन्यापासून पूर्ण हप्ता जमणार नाही, निम्मा जमेल. मुदत वाढवून मिळेल का?" पहिल्या वेळी नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी वरिष्ठांकडे फोन दिला. तिसऱ्या वेळी मुदत वाढली आणि हप्ता ९ वरून ४.५ वर आला. एकूण व्याज आता जास्त भरावं लागणार, हे मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी महिन्याची तोंडमिळवणी होणं जास्त गरजेचं होतं. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक रकान्यात लिहायचा, आणि जे कबूल केलं ते लेखी मागायचं. एकदा "असं काही ठरलंच नव्हतं" असं ऐकवलं गेलं तेव्हा मी वही उघडून तारीख आणि वेळ सांगितली. पुढे वाद झाला नाही.

शिवाय तारखा बदलून मिळतात, हे मला माहीतच नव्हतं. भत्ता ११ तारखेच्या आसपास जमा होतो आणि माझी निम्मी बिलं ३ ते ७ च्या दरम्यान येत होती. दोन ठिकाणी विनंती करून तारीख १५ करून घेतली. नुसत्या एवढ्यानं विलंब आकाराचा भुर्दंड थांबला.

आता विजेचं. आई दर रविवारी रात्री टॉर्च घेऊन मीटरपाशी जाते, आकडा मोठ्याने वाचते आणि मुलगी तो वहीत लिहिते. सुरुवातीला आम्ही एकमेकींवर दिव्यांवरूनच ओरडत होतो. मग मुलीने तिच्या विज्ञानाच्या वहीतलं गणित मांडलं. ९ वॅटचा दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला जेमतेम १.३५ युनिट होतात. आणि २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला एका वेळी साधारण ०.५८ युनिट लागतात. रोज दोनदा तापवलं की महिन्याचे जवळजवळ ३५ युनिट. दिव्याचं बटण बंद करण्यावरून झालेली सगळी भांडणं व्यर्थ होती. त्या दिवसापासून गीझरचं बटण दहा मिनिटांत बंद व्हायला लागलं आणि दिव्यावरून कुणी कुणाला बोललं नाही. अर्थात बिल वापराच्या प्रमाणात उतरत नाही, कारण स्थिर आकार तसाच राहतो. हे माहीत नसलं तर काटकसर करूनही मन खट्टू होतं.

या रविवारच्या आकड्यांचा मोठा उपयोग आठव्या महिन्यात झाला. बिलावरचं रीडिंग आमच्या वहीपेक्षा ११२ युनिटांनी जास्त होतं. मीटर न बघताच सरासरीने बिल काढलं होतं. वहीचं पान आणि मीटरचा फोटो घेऊन गेले, बिल दुरुस्त होऊन आलं. हाताशी नोंद नसती तर मी मुकाट्याने भरलं असतं.

पाण्याच्या बाबतीत फार काही केलं नाही. गळक्या नळाखाली रात्रभर पातेलं ठेवलं, सकाळी भरलेलं बघितलं आणि वायसर बदलला.

आता वही जिथे कमी पडली ते सांगते. मी फक्त महिन्याची बिलं लिहिली होती. पाचव्या महिन्यात विम्याचा वार्षिक हप्ता खात्यातून आपोआप वळता होणार होता आणि तो माझ्या ध्यानीमनी नव्हता. खात्यात तेवढे पैसे नव्हते. व्यवहार फसला, बँकेने दंड लावला आणि विम्याच्या सवलतीच्या मुदतीत पैसे भरण्यासाठी भावाकडून हातउसने घ्यावे लागले. तेव्हापासून शेवटच्या पानावर वर्षातून एकदा येणारी सगळी बिलं आहेत, प्रत्येकाचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला पडतो, आणि भाडं सोडून सगळे ऑटो डेबिट मी बंद केले. पैसे कधी जाणार हे माझ्या हातात हवं.

किराण्यासाठी पाकिटांची पद्धतही आधी चुकली. महिन्याचे चार आठवडे धरून चार पाकिटं केली, आणि २९ तारखेला पाकीट रिकामं. महिना चार आठवड्यांचा नसतोच. आता रकमेला दिवसांनी भागते आणि सात दिवसांचे पैसे एका पाकिटात घालते. शेवटचं पाकीट दोन-तीन दिवसांचं, लहान असतं.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना अजून घशाशी येते. नवव्या महिन्यात औषधांच्या ओळीसमोरची तारीख आली आणि गेली, आई काही बोलेना. मी वही मागे चाळली. आधीच्या प्रत्येक महिन्यात त्याच सुमारास गोळ्या संपल्या होत्या. तिच्या उशाजवळची पट्टी काढून मोजली तर अकरा गोळ्या शिल्लक. रक्तदाबाची रोजची गोळी ती दिवसाआड घेत होती. म्हटलं, "आई, हे काय चालवलंयस?" ती म्हणाली, "तुझ्या वहीत सगळ्यांना कात्री लागली, मग मला नको का?"

वही मी तोवर माझ्या कपाटात ठेवत होते. आईने एकदा उघडून आकडे बघितले होते आणि स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. त्या रात्री वही जेवणाच्या टेबलावर आली. तिघींनी बसून कुठे हात लावायचा नाही ते ठरवलं, औषधांची ओळ पहिल्या क्रमांकावर घेतली आणि मुलीने तिच्याभोवती चौकट काढली. डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, त्यांनी तीच घटक औषधं असलेल्या स्वस्त जेनेरिक गोळ्या लिहून दिल्या. हा प्रश्न मी पहिल्या महिन्यातच विचारू शकले असते.

ही वही सगळ्यांना पुरेल असं म्हणणार नाही. सगळं कापूनही अत्यावश्यक बिलंच भत्त्याच्या वर जात असतील तर वही फक्त किती कमी पडतं ते दाखवते. माझं तसंच झालं. शाळेची फी ४५ मध्ये कुठेच बसेना. दुचाकी विकली आणि शाळेकडून फीचे हप्ते करून घेतले. अशा वेळी बिलं आणखी चाळत बसू नका. भाड्याला, विजेला, शिक्षणाला मदत देणाऱ्या ज्या योजना तुमच्याकडे असतील, त्यांचे अर्ज लगेच भरा. अधूनमधून चार दिवसांचं काम मिळालं तर ते भत्ता कार्यालयाला कळवा. लपवलं आणि नंतर वसुली निघाली तर ते सगळ्यांत महागडं बिल ठरेल.

पुढच्या आठवड्यात एक मुलाखत आहे. काल रविवारी आईने आकडा वाचला, मुलीने लिहून घेतला आणि खाली बाराव्या महिन्याचं पान आखलं. पहिल्या ओळीत औषधं, दुसरीत भाडं. मुलाखतीला जायच्या भाड्यासाठी जागा नव्हती म्हणून तिने समासात एक नवी ओळ वाढवली आहे.