दिवस गेलेत, मग बाजारातून बांगडा आणायचा की सुरमई?

घरात कुणाला दिवस गेले की मासळीवरून दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पारा असतो, मासेच बंद करा. दुसऱ्याचं, आमच्या आज्या खातच होत्या. माझं मत आधीच सांगून टाकतो: मासे चालू ठेवा, फक्त सुरमई आणि मोरी (म्हणजे छोटा शार्क) मूल अंगावर पीत असेतो बाजूला ठेवा.

माशातला पारा म्हणजे थर्मामीटरमधला चकाकता थेंब नव्हे. तो थेंब चुकून पोटात गेला तर आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही (त्याची वाफ फुप्फुसात जाणं मात्र वाईट). माशात असतो मिथाइल मर्क्युरी. कोळसा जाळल्यावर हवेत गेलेला पारा पाण्यात उतरतो, तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं हे रूप करतात आणि ते खाल्लं की बहुतेक सगळं अंगात मुरतं. वारेतून बाळाकडेही जातं. नाळेच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतं. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. तिथे वरवर धडधाकट दिसणाऱ्या आयांच्या पोटी मेंदूला इजा झालेली मुलं जन्मली. कारखान्याचं सांडपाणी थेट खाडीत जात होतं, आपल्या बाजारातल्या माशात तेवढा पारा नसतो. पण इजा कुणाला आधी होते, ते तिथे कळलं.

आता टोपलीकडे या. तारली आणि बांगडा प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातात आणि लहान वयातच जाळ्यात येतात. सुरमई तारल्या, मांदेली, माकूल खाऊन मीटरभर वाढते, आणि त्या प्रत्येक घासातला पारा तिच्या मांसात साठत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सरासरी बघा: सार्डिनमध्ये, म्हणजे तारलीच्या जातीत, किलोमागे ०.०१३ मिलिग्रॅम, सुरमईच्या अटलांटिकमधल्या चुलतबहिणीत, म्हणजे किंग मॅकरेलमध्ये, ०.७३, शार्कमध्ये जवळपास १. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आठवड्याची मर्यादा वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या बाईला ९६ मायक्रोग्रॅम. किंग मॅकरेलच्या १३० ग्रॅममध्ये, म्हणजे दोनेक तुकड्यांत, हा आठवड्याचा कोटा संपतो. सार्डिन मात्र सात किलोंच्या वर खावी लागेल! आकडे तिकडच्या मासळीचे आहेत, आपली किलोभराची कोवळी सुरमई त्यापेक्षा बरी असणार. क्रम मात्र तोच राहील.

मोरीचं दुखणं वेगळं. काही घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती मुद्दाम देतात. शार्कच ती, छोटी असली तरी हावरी शिकारी. तिथे तारलीचं तिखलं द्यावं, चव वेगळी पण पोषण तितकंच. कोळंबीत पारा नगण्य. बोंबीलही फार जगत नाही, खुशाल खा. पापलेट महाग म्हणून जास्त पौष्टिक, असं काही नाही.

कोकम-हळद लावून, कातडं काढून किंवा खरपूस तळून पारा जात नाही. तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. तळल्यावर पाणी उडतं आणि प्रमाण उलट किंचित वाढतं.

सुरमईशिवाय जेवण गोड लागत नसेल, तर कोळणीच्या पाटीवर तुकडीचा घेर बघा. बशीएवढी तुकडी म्हणजे मोठी, जुनी मासळी. तळहातात मावणारी घ्या, तीही क्वचित.

मासे पूर्ण बंद करणं मला त्याहून चुकीचं वाटतं, कारण बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए (एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल) तारली-बांगड्यात भरपूर असतं. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या अभ्यासात आठवड्याला डझनभर वेळा मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांत ठळक तोटा आढळला नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर आढळला, पण तिथे ताटात भरपूर पारा असलेलं पायलट व्हेलचं मांस होतं.

आधीच सुरमई खाऊन झाली असेल तर घाबरू नका. रक्तातला मिथाइल मर्क्युरी निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. म्हणूनच मूल हवं असं ठरवलंत की मोठी मासळी तेव्हापासूनच कमी करा, दिवस जायची वाट बघू नका.